बांधाकडची पिन

थोरल्या दिरांच्या मिशीवर माझा तीन वर्षं डोळा होता. यातून कुणी भलता अर्थ काढू नये. मला ती मिशी उतरलेली बघायची होती, त्यांच्याच ओटीवर, त्यांच्याच हातानं, चार माणसांसमोर, आणि त्या चार माणसांत मला सगळ्यात पुढं उभं राहायचं होतं. आजही ट्रॅक्टरची किल्ली फिरवली की मला आधी ती मिशी आठवते आणि मग शेत.

आमचं गाव खारबावच्या अलीकडं. भाताची खाचरं, एका अंगाला रेल्वेची लाइन, आणि दुसऱ्या अंगानं दरवर्षी थोडी थोडी पुढं सरकत येणारी गोडाऊनं. सासरे गेल्यावर वाटणी झाली तेव्हा वरचं खाचर थोरल्या दिरांना गेलं आणि खालचं आम्हांला. वरच्या खाचराला ओढ्याचं पाणी आधी मिळतं, त्याचं पोट भरलं की मग उरलंसुरलं आमच्याकडं उतरतं. ही वाटणी केली कोणी, तर थोरल्यानंच. माझा नवरा भावापुढं मान वर करत नाही. तो पूर्ण्याला एका गोडाऊनमध्ये ड्युटीला जातो, शिफ्ट संपवून येतो, जेवतो आणि म्हणतो, "जाऊ दे ना." त्याचं हे "जाऊ दे ना" ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. माझ्याकडून काही जात नाही. कुणी मला एक शब्द लावून बोललं तर तो शब्द मी लोणच्यासारखा मुरवून ठेवते.

शेत मी बघणार आणि त्यासाठी जुना ट्रॅक्टर घेणार, हे मी वाटणीच्या बैठकीतच सांगून टाकलं. माझं माहेर गणेशपुरीच्या बाजूचं. तिथं भावाच्या ट्रॅक्टरवर मी लग्नाआधीच हात बसवला होता. पण बैठकीत सगळे असे बघायला लागले की मी विमान घ्यायचं म्हणाले.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. भावजींना मला जे ऐकवायचं असतं ते ते जाऊबाईंना सांगतात, मग मी दोन हात अंतरावर का उभी असेना. मीही जाऊबाईंकडं बघूनच उत्तर देते. जाऊबाई मध्ये बसून सुपारी कातरत राहतात. निरोप पोचवायची गरज नसते, दोन्हीकडं ऐकू गेलेलं असतं.

तर भावजी त्या दिवशी मिशीला पीळ देत जाऊबाईंना म्हणाले, "सांग तिला. बाईच्या हातान गारी टिकाची न्हाय. तीन पावसाले हिच्याच गारीनं हिचं शेत झालं, दुसऱ्याची गारी बोलवाला लागली न्हाय, त मी मिशी उतरवीन."

बैठक हसली. माझा नवराही हसला, ते मी वेगळं लक्षात ठेवलं आहे. मी जाऊबाईंना म्हणाले, "ताई, सांगा त्यांना, वस्ताऱ्याला आतापासून धार लावून ठेवा."

ती मिशी साधीसुधी नव्हती. दोन्ही टोकांना पांढरी, मध्ये काळी, रोज खोबरेल लावून वळवलेली. जेवताना ते आधी तिला बोटानं बाजूला सारायचे. गावात कुणाला पत्ता सांगायचा तर मिशीवाल्यांचं घर म्हणून सांगत. मी त्या दिवशी घरी आले आणि मनाशी ठरवलं की हा पत्ता बदलायचा.

आता ट्रॅक्टरची भानगड. ट्रॅक्टरच्या मागं खाली दोन लोखंडी हात असतात आणि वर मध्ये एक दांडा. नांगर, कल्टिव्हेटर, जे काही अवजार असेल ते या तिघांना अडकवायचं आणि लिफ्टच्या दांडीनं वरखाली करायचं. खालच्या प्रत्येक हाताला अवजार धरून ठेवणारी एक जाड पिन असते, अंगठ्यापेक्षा जाड, वीतभर लांब. ही पिन गेली की अवजार एका कुशीवर कलंडतं आणि काम थांबतं. माझी उजव्या हाताची पिन पहिल्याच पावसाळ्यात गेली. उखळणी, म्हणजे पहिली नांगरट, जवळजवळ संपवून मी घरी परतत होते. कल्टिव्हेटर वर उचललेला होता. भावजींच्या ओटीसमोर आले आणि कडाक् झालं. नऊ फाळांचं ते धूड रस्त्यावर आडवं पडलं. भावजी चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही, मिशीला एकदा हात लावला फक्त.

ती जखम मी उरलेलं वर्षभर सांभाळली. दुकानातून नवी पिन आणली, वेळेत उरलेलं शेत केलं, पहिला पावसाळा माझ्या खात्यावर जमा झाला. पण त्यांनी मिशीला लावलेला हात डोळ्यांपुढून हलेना. सूड उगवायला हाताशी दुसरं काही नव्हतं, होता तो बांध.

हे लिहिताना मला लाज वाटत नाही. आमच्याकडं बांध कोरण्याची विद्या प्रत्येकाला येते, कबूल कोणी करत नाही एवढंच. वरच्या आणि खालच्या खाचरामध्ये जो मातीचा बांध असतो तो वरच्याचा, कारण पाणी त्याचं अडवायचं असतं. पण खालच्यानं नांगरताना कडेचा फाळ जरा बांधाच्या पायात घातला की चार बोटं माती आपल्या शेतात येते. दरवर्षी चार बोटं. ओरडायला जावं तर काही दिसत नाही. मला तर खात्रीच होती की भावजींनी आधी वरून माती ढकलून ढकलून बांध आमच्या अंगावर आणला आहे. नवरा म्हणायचा, लहानपणी शेत मोठं वाटायचं. लहानपणी सगळंच मोठं वाटतं, पण मी ते पुरावा म्हणून धरलं. माझंच मी परत घेत्येय, असं म्हणत बांध उजव्या हाताला ठेवून मी गाडी हाणायची आणि कडेचा फाळ बांधाच्या पायात घालायची. माती सुटताना खालून जो चरचर आवाज यायचा तो ऐकून पोटात थंडावा वाटायचा. पहिल्या पावसाळ्यातही मी तेच केलं होतं, दुसऱ्यात जरा जास्त केलं.

दुसऱ्या पावसाळ्यात दोन पिना गेल्या. दोन्ही उजव्या. एक शेताच्या मधोमध वळताना गेली, जिथं मऊ लोण्यासारखी माती. दुसरी तर गाडी खळ्यात उभी असताना. मी सकाळी गाडी चालू केली, लिफ्टची दांडी ओढली, आणि एक इंचही न हलता पिनेचे दोन तुकडे. उभ्या गाडीची पिन कशी तुटेल? मी तो तुकडा उचलून उन्हात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजलेला, तपकिरी, आणि अर्धा लख्ख चमकणारा. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. अर्धी पिन कुणीतरी आधीच कापून ठेवली होती, उरलेली अर्धी आज तुटली.

कुणीतरी म्हणजे कोण, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. खळं दोन्ही घरांचं एकच, आणि त्यांचं मागचं दार माझ्या गाडीपासून दहा पावलांवर. मिशी वाचवायला माणूस काय वाटेल ते करील.

मी सापळे लावले. गाडीच्या चाकांभोवती चुलीतली राख पसरली. पिनेच्या क्लिपला माझ्याच डोक्याचा एक केस बांधला, हात लागला तर तुटावा म्हणून. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी राख वाचायला जायची. राखेत कोंबड्यांचे पाय उठलेले असायचे, एकदा मांजराचे. केस जसाच्या तसा. यावरून मी निर्दोष कुणाला ठरवलं नाही. माणूस माझ्यापेक्षा हुशार आहे, एवढाच निष्कर्ष काढला, आणि त्याचा जास्तच राग आला.

मग भावकीतल्या एका पोरीची हळद आली. मांडवात सगळं गाव, डीजे जेवणासाठी थांबलेला, पंगतीत मटण वाढत होते. भावजी समोरच्या पंगतीत होते. मी जाऊबाईंना मोठ्यानं म्हणाले, "ताई, आमच्या गाडीच्या पिना कोण कापतं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, पण ज्याला मिशी आहे त्यानं ऐकावं."

त्या मांडवात मिशीवाले पंधरा तरी असतील, पण सगळ्यांनी बघितलं एकाकडंच. भावजींनी हाड चोखून ताटात ठेवलं, मिशी बोटानं पुसली आणि जाऊबाईंना म्हणाले, "इचार तिला, पिन नरम हाय का बांध कडक हाय."

पंगत खदखदली. कोणाला काही कळलं होतं असं नाही, ते त्यांच्या सुरावर हसले. मला वाटलं, बांध कोरते हे त्यांनी चारचौघांत उघडं केलं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. ताटातलं मटण मी तसंच टाकून उठले, आणि आमच्याकडं हळदीचं मटण टाकून उठणं म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

ठरवलं, आता कुणाला कापताच येणार नाही अशी पिन करायची. भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत एक म्हातारा लेथवाला आहे. सगळा जन्म त्यानं लूमचे सुटे भाग कातण्यात घालवला. दुकानाच्या दोन्ही बाजूंना लूम चालू असतात, त्यामुळं तो सगळ्यांशी ओरडूनच बोलतो, फोनवरही. मी त्याला तुटक्या पिना दाखवल्या आणि म्हणाले, "चाचा, ऐसी पिन बनाओ जो आरी से भी ना कटे."

त्यानं तुकडे फिरवून बघितले. "आरी से कटा नहीं है, बेटी. आरी की लाइन सीधी पड़ती है. ये तो मुड़के चिरा है. पहले कहीं झटका खाया, चीर पड़ी, जंग लगा. बाद में कहीं और टूटा."

मला जे ऐकायचं नव्हतं ते मी ऐकलं नाही. मी म्हणाले, तुम्ही पिन बनवा. त्यानं खांदे उडवले आणि मोडीत निघालेल्या लूमच्या शाफ्टमधून एक पिन कातून दिली. काळी, जड, हातोडीनं ठोकली तर घंटेसारखी वाजणारी. ती हातात घेऊन मी घरी येताना मला अगदी शस्त्र मिळाल्यासारखं वाटलं. खळ्यात येऊन मी ती मुद्दाम दोनदा दगडावर वाजवली, मागच्या दारात ऐकू जावी म्हणून. दुसऱ्या पावसाळ्याचं राहिलेलं काम तिनं मुकाट्यानं केलं. दोन पावसाळे झाले. एक उरला.

तिसऱ्या पावसाळ्यात त्या पिनेला काही झालं नाही. पिन बसते तो कल्टिव्हेटरचा लोखंडी कान फाटला. पिन तशीच काळी, सरळ, मिजाशीत, आणि तिच्याभोवतीचं जाड पोलाद कागदासारखं उसवलेलं. दोन दिवस वेल्डिंगला गेले. आकाश भरून येत होतं, राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, रोपं कंबर कसून उभी होती, आणि उखळणी अर्धी पडलेली. वेल्डिंग करून आणलं आणि तिसऱ्या दिवशी त्या बाजूच्या हाताला बांधून ठेवणारी साखळी तुटली. जाऊबाई कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, "ह्यांनी एका गाडीवाल्याला सांगून ठेवलंय. तुमच्यासाठी. लागली तर बोलवा म्हणाले."

लागली तर. एखाद्यानं थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. ती गाडी माझ्या शेतात उतरली की संपलं, मिशी शाबूत, आणि जन्मभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीत मला ते ऐकायचं होतं. मी जाऊबाईंना म्हणाले, "सांगा त्यांना, त्या गाडीवाल्याला न्हावीकाम येतं का विचारा."

बोलायला बोलले, पण पायाखालची माती सरकली होती. मी फाटलेल्या कानाचा तुकडा घेऊन पुन्हा लेथवाल्याकडं गेले. या वेळी मी गप्प बसून ऐकलं, कारण दुसरा उपाय नव्हता. त्यानं तुकडा बघितला आणि माझ्यावर खेकसला. "पिन इसलिए होती है कि पिन मरे और गाड़ी बचे. तुमने पिन को अमर कर दिया. अब झटका कहाँ जाएगा? आज कान फटा, कल गाड़ी का पिछवाड़ा फटेगा."

मग त्यानं मला हाताला धरून शेजारच्या लूमवर नेलं. कापडाचा ताणा दाखवला. म्हणाला, एकाच जागी धागा तुटायला लागला तर नवीन जॉबर, म्हणजे लूमचा मिस्त्री, सुताला शिव्या देतो. आम्ही लूम बंद करतो आणि फणीवरून बोट फिरवतो. कुठंतरी एक कूस, म्हणजे लोखंडाचं कुसळ, निघते. केसाएवढी. तो म्हणाला, "तेरे खेत में भी कूस है. उँगली फिरा."

शेतावरून बोट कसं फिरवायचं, तेही त्यानंच सांगितलं. त्यानं मला पाच पिना करून दिल्या, मुद्दाम साध्या मऊ लोखंडाच्या. या तुटणार नाहीत, वाकतील, म्हणाला. नरम पिन बोलती है. एक काचेचा तुकडा जवळ ठेव. शेताची एकेक बाजू नांगरून झाली की गाडी थांबव, पिन काढ आणि काचेवर लोळव. सरळ असेल तर सरळ धावेल. वाकली असेल तर लंगडेल.

नरम पिन. त्या वेळीच भावजींचं हळदीतलं वाक्य माझ्या कानात वाजायला हवं होतं. वाजलं नाही. रागानं माणसाचे कान बंद होतात की काय कोण जाणे, माझे तरी होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात उतरले. घरातला फुटका आरसा घेऊन गेले, त्याच्यावर पिना लोळवायच्या होत्या. रेल्वेकडची बाजू नांगरली, थांबले, पिन काढली, आरशावर सोडली. सरळ धावली. ओढ्याकडची बाजू, सरळ. रस्त्याकडची, सरळ. मग बांधाकडची. मी नेहमीसारखी कडेचा फाळ बांधाच्या पायात घालून गेले, तीच चरचर. थांबले, पिन सोडली, आणि ती आरशावर लंगडत लंगडत गेली. मला आरशात माझं तोंड दिसत होतं, त्याच्यावरून ती वाकडी पिन चालली होती.

नवी पिन घातली. बांधाच्या कडेनं पुन्हा, या वेळी दहा पावलं जायचं आणि थांबायचं. सरळ. पुन्हा दहा पावलं. सरळ. बांधावर एक करंजाचं झाड आहे, त्याच्या समोर आले आणि फाळाखाली घट्ट असं काही लागलं. रोजच्या घाईत तो धक्का ढेकळांच्या धक्क्यांत मिसळून जात होता. पिन काढली. लंगडी.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. आनंद आला. भावजींनी इथं लोखंड पुरलंय, गोडाऊनच्या बांधकामातला एखादा सळयांचा गठ्ठा आणून टाकलाय, आणि आता तो मी खणून काढून त्यांच्या ओटीवर नेऊन आपटणार, मिशीसकट सगळा हिशेब चुकता. मी पहार आणली आणि खणायला लागले. घाम डोळ्यांत उतरत होता. मी पुटपुटत होते, काय ते लिहिण्यासारखं नाही.

वीतभर खाली दगड लागला. लोखंड नव्हे, काळा घडीव दगड, उभा पुरलेला, चौकोनी. माती हातानं साफ केली तेव्हा माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली दिसली. आमच्या भागात वाढलेल्या कुणालाही ती फुली कळते. हा हद्दीचा दगड होता. कधीतरी मोजणीच्या वेळी पुरलेला, दोन खाचरांच्या मधली हद्द सांगणारा.

मी दगडाकडं बघितलं. मग बांधाकडं बघितलं. दगड आणि बांध यांच्यामध्ये वीतभर नांगरलेली जमीन होती. मी नांगरलेली. वाटणीच्या वेळी बांधाचा पाय बरोबर या दगडावर असणार. भावजींनी कधी माती ढकललीच नव्हती. तीन पावसाळे, दरवर्षी चार बोटं, मी हद्द ओलांडून त्यांच्या जमिनीत शिरले होते, आणि जितकी आत शिरत होते तितका दगड माझ्या फाळाच्या वाटेत येत होता. पहिल्या वर्षी एक पिन, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी कान. माझी गाडी कुणी कापली नव्हती. ती माझ्या चोरीवर तुटत होती.

"गावला?"

वर बघितलं तर बांधावर भावजी उभे. जाऊबाई नव्हत्या. वीस वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा थेट बोलत होते.

"तुम्हांला माहीत होतं," मी म्हणाले.

"बापानं दावलावता. तवा तुझा नवरा पालन्यान होता."

"मग सांगितलं का नाही? तीन वर्षं मी पिना बदलत्येय आणि तुम्ही ओटीवर बसून चहा पिताय."

त्यांनी मिशीला हात लावला नाही. शांतपणे म्हणाले, "सांगितला असता त तू उपटला असतास."

मला यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. मग माझं लक्ष माझ्या हातांकडं गेलं. पहारीचं टोक दगडाच्या बुडाखाली घातलेलं होतं आणि माझं सगळं वजन दुसऱ्या टोकावर होतं. कधी घातलं ते मला आठवत नाही. अजून एक जोर दिला असता तर दगड आडवा झाला असता, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. त्यांनी मला ओळखलं होतं. मला ते ओळखणं सहन झालं नाही. मी पहार काढली, पण सावकाश काढली, ते बघत होते म्हणून.

दगड सोडून एक हात अंतर ठेवून मी उरलेलं शेत केलं. पिन सरळ राहिली. चार दिवसांनी लावणीआधीची चिखलणीही माझ्याच गाडीनं झाली. तिसरा पावसाळा पुरा. दुसरी गाडी शेतात उतरली नाही. वीतभर जमीन चोरली म्हणून पैज रद्द होते असं कुठं ठरलं नव्हतं, आणि मी ती सोडणार तर मुळीच नव्हते. मी कुंपणाशी जाऊन जाऊबाईंना एवढंच म्हणाले, "ताई, वस्तारा."

हे मात्र मानलं पाहिजे की माणूस शब्दाला जागला. दुसऱ्या सकाळी ओटीवर पाट टाकला, आरसा भिंतीला टेकवला. गल्लीतले आठदहा जण जमले. मी पुढं उभी राहिले, ठरवल्याप्रमाणं. एक बाजू उतरली, मग दुसरी. वरचा ओठ उघडा पडला तेव्हा तो इतका लहान आणि गोरा दिसला की जमलेल्यांपैकी एकालाही हसायला जमलं नाही. मला मात्र हसू आलं आणि मी हसले. तीन वर्षांचं व्याज त्या हसण्यात होतं, खोटं कशाला सांगू.

भावजींनी तोंड पुसलं. मग आत वळून म्हणाले, "आन."

जाऊबाई ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात शेंदूर, तेलाची वाटी, नारळ, उदबत्ती. सगळं आधीपासून तयार होतं. भावजी तसेच, उघड्या ओठानं, बांधाकडं चालायला लागले आणि जमलेले सगळे त्यांच्या मागून गेले. काय चाललंय ते मला करंजापाशी पोचेपर्यंत कळलं नाही. त्यांनी खड्ड्यात उतरून दगड धुतला, तेलात शेंदूर कालवला आणि फुलीसकट सगळा माथा लालभडक माखला. नारळ फोडला, पाणी दगडावर शिंपडलं. लोकांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, तरीच हिची गाडी अडत होती, खाली देव होता.

शेंदूर लागलेला दगड आमच्याकडं कुणी हलवत नाही. कोर्टाचा माणूस असो, गोडाऊनवाला असो, नाही हलवत. भावजींनी खोबऱ्याचा एक तुकडा जाऊबाईंच्या हातात दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दे तिला. सांग, आता उपट म्हनावं."

मी ते खोबरं खाल्लं. प्रसाद नाकारता येत नाही. गोड होतं, तेवढंच.

हळदीत केलेल्या आरोपाची मी माफी मागितली नाही. पण दुपारी फावडं घेतलं आणि दगड आणि बांध यांच्यामधली वीतभर माती उचलून बांधाला परत लावली. दोन दिवस लागले. भावजी ओटीवरून बघत होते, आणि अधूनमधून त्यांचा हात सवयीनं ओठाकडं जाऊन रिकामा परत येत होता. त्या दोन दिवसांत मला तेवढाच दिलासा होता.

त्यानंतर माझी एकही पिन तुटलेली नाही. करंजासमोर आले की मी लिफ्टची दांडी ओढून फाळ वर घेते, देवाला ओलांडते आणि पुन्हा खाली सोडते. लेथवाल्याची उरलेली नरम पिनांची जोडी अजून डब्यात पडून आहे.

भावजींची मिशी गौरी-गणपतीपर्यंत पुन्हा आली, आधीपेक्षा दाट. देवाचं तसं नाही. पावसात शेंदूर धुपतो, आणि उखळणीच्या आधी तो नव्यानं लावावा लागतो, नारळ फोडावा लागतो. पुढच्याच वर्षी मी जाऊबाईंना विचारलं होतं, लावायचा कोणी. त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "देवाचं तोंड तुझ्या शेताकडं हाय, तूच लाव." तेव्हापासून दरवर्षी मीच लावते.